नरक्याचे झाड आणि संगणकाची चाळणी
(औषधी वनस्पतींतील रेणूंचा शोध : एक अभ्यासलेख)

विनयपिटकात वैद्य जीवकाची एक कथा आहे. तक्षशिलेस सात वर्षे वैद्यक शिकल्यावर जीवकाने आचार्यांना विचारले, की माझे शिक्षण पुरे कधी होणार? आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ देऊन सांगितले, की तक्षशिलेच्या भोवती एक योजनपर्यंत फिरून ये आणि औषधी नाही अशी एखादी वनस्पती आढळल्यास ती घेऊन ये. जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला मिळाली नाही. आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे मान्य केले.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र आज तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहण्याची गरज आम्हास वाटते. प्रत्येक वनस्पतीत काही ना काही गुण असतो हे वैद्याचे ज्ञान झाले. परंतु कोणत्या वनस्पतीतील कोणता रेणू, शरीरातील कोणत्या ठिकाणी, किती प्रमाणात काम करतो, आणि तो विषारी तर नाही ना, हा पुढचा प्रश्न आहे. एकेका वनस्पतीत शेकडो रासायनिक द्रव्ये असतात. ती सर्व वेगळी काढून एकेक तपासावयाची म्हटली तर कित्येक पिढ्या खर्ची पडतील. म्हणून गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी संगणकाची मदत घेण्यास सुरुवात केली. ही मदत नेमकी कशी होते, ती कोठवर विश्वासार्ह आहे आणि आपल्या कोल्हापूरच्या डोंगराशी तिचा काय संबंध आहे, हे प्रस्तुत लेखात पाहू या.

१. नरक्याची हकीकत

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची रांग आहे. राधानगरी, गगनबावडा, आंबा या भागातील दाट जंगलात नरक्या नावाचे एक लहानसे झाड वाढते. त्याच्या फुलांना उग्र दुर्गंधी येते व त्यावरूनच त्याला हे नाव पडले असावे. वनस्पतिशास्त्रात त्यास नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात. जुन्या पुस्तकांत ते मॅपिया फोएटिडा या नावाने आढळते. गावकऱ्यांच्या लेखी हे झाड फारसे उपयोगाचे नव्हते. लाकूड म्हणून त्याला किंमत नव्हती आणि फळ म्हणूनही नव्हती.

आता दुसरीकडे वळू या. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत मन्रो वॉल या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींचे सुमारे एक हजार अर्क कर्करोगविरोधी चाचणीसाठी तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठविले. त्यांपैकी कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा या चिनी वृक्षाच्या अर्काने उंदरांमधील रक्ताच्या कर्करोगावर चांगला परिणाम दाखविला. पुढे वॉल उत्तर कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत गेले. तेथे १९६२ साली त्यांना एक सहकारी मिळाले. त्यांचे नाव डॉ. मनसुख वाणी. हे वाणी मूळचे आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबारचे. १९२५ साली तेथे त्यांचा जन्म झाला, मुंबई विद्यापीठात त्यांचे रसायनशास्त्राचे शिक्षण झाले आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. वॉल व वाणी यांनी त्या चिनी वृक्षातील गुणकारी द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले, त्याची रचना निश्चित केली आणि १९६६ साली ती प्रसिद्ध केली. या द्रव्यास कॅम्प्टोथेसिन असे नाव देण्यात आले. याच जोडीने १९७१ साली टॅक्सॉल या दुसऱ्या महत्त्वाच्या कर्करोगविरोधी द्रव्याची रचनाही जगापुढे मांडली. डॉ. वाणी २०२० साली निवर्तले. नंदुरबारच्या या सुपुत्राचे नाव आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

१९७२ साली मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात डॉ. टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिले, की हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतील नरक्यामध्येही आहे, आणि तेही चांगल्या प्रमाणात. ज्या झाडाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते ते एकाएकी जगाच्या बाजारात मोलाचे ठरले.

परंतु औषध तयार होण्यास त्यानंतर बराच काळ लागला. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिरेतून देता यावे म्हणून त्याचे सोडियम क्षार रूप बनविण्यात आले. १९७० नंतर रुग्णांवर चाचण्या झाल्या, पण मूत्राशयातून रक्तस्राव, अस्थिमज्जेवर दुष्परिणाम असे गंभीर त्रास होऊ लागल्याने त्या थांबवाव्या लागल्या. तेरा-चौदा वर्षे हे द्रव्य जवळजवळ अडगळीत पडले होते. १९८५ साली त्याचे नेमके लक्ष्य सापडले. पेशीतील टोपोआयसोमरेज-१ नावाच्या विकरावर ते काम करते असे सिद्ध झाले. मग मूळ रेणूत थोडे बदल करून टोपोटेकान व इरिनोटेकान ही दोन औषधे घडविण्यात आली. १९९६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोहोंना मान्यता दिली. बीजांडकोश, फुफ्फुस व मोठे आतडे यांच्या कर्करोगात ती आजही वापरली जातात.

१९५८ ते १९९६ ही अडतीस वर्षे होतात. एका झाडातील एका रेणूचे औषध होण्यास एवढा काळ लागला. हा काळ कमी कसा करता येईल, या विचारातून संगणकीय पद्धतीकडे लक्ष वळले.

२. विकर, खोबण आणि जुळणी

आपल्या शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. विकर हीही प्रथिनेच होत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ती विशिष्ट पद्धतीने घडी पडून एखाद्या गुंतागुंतीच्या गाठोड्यासारखी बसते. या गाठोड्यात कोठे कोठे लहान खोबणी असतात. विकराचे काम या खोबणीत चालते. एखादा बाहेरचा रेणू या खोबणीत नीट जाऊन बसला तर विकराचे काम थांबते किंवा बदलते. पुष्कळशी औषधे याच तत्त्वावर काम करतात. शालेय पुस्तकात कुलूप आणि किल्लीची उपमा असते ती हीच. फरक एवढाच, की हे कुलूप लोखंडाचे नसून किल्ली आत शिरताना थोडे हलणारे, वळणारे असते.

प्रथिनाची त्रिमिती रचना क्ष-किरणांच्या व अन्य पद्धतींच्या साहाय्याने शोधता येते. अशा रचना साठविणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ साली सुरू झाली तेव्हा तीत अवघ्या सात रचना होत्या. आज प्रयोगाने सिद्ध झालेल्या दोन लाखांहून अधिक रचना तीत आहेत व त्या कोणासही विनामूल्य पाहता येतात. ज्यांची रचना प्रयोगाने मिळालेली नाही अशा प्रथिनांची रचना केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून वर्तविण्याचे तंत्रही आता बरेच पुढे गेले आहे. त्या कामास २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

कुलपाची रचना मिळाली, आता किल्ल्या हव्यात. आपल्या देशातील औषधी वनस्पतींमधील रेणूंची सूची चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने तयार केली आहे. तिचे नाव इम्पॅट. २०१८ साली पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तीत १,७४२ वनस्पती व ९,५९६ रेणू होते. सुधारित आवृत्तीत ४,०१० वनस्पती व १७,९६७ रेणू आहेत. हीही विनामूल्य आहे.

कुलूप आणि किल्ल्या संगणकात घालून कोणती किल्ली कोणत्या खोबणीत बसते हे तपासण्याच्या क्रियेस डॉकिंग म्हणतात. आपण तिला रेणू-जुळणी म्हणू. या कामाचा पहिला संगणकीय कार्यक्रम १९८२ साली कॅलिफोर्नियात तयार झाला. त्या काळी असे काम मोठ्या संस्थांनाच परवडत असे. आपल्या देशात पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनविला तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले होते, हे आमच्या पिढीला आठवते. आज ऑटोडॉक व्हिनासारखा कार्यक्रम, जो २०१० साली प्रसिद्ध झाला व विनामूल्य मिळतो, महाविद्यालयातील साध्या संगणकावर चालतो. एका रेणूला एक मिनिट धरले तर इम्पॅटमधील सुमारे १८,००० रेणूंना १८,००० मिनिटे, म्हणजे ३०० तास, म्हणजे साडेबारा दिवस लागतील. वॉल यांच्या काळात हजार अर्क तपासण्यास काय यातायात पडली असेल हे लक्षात घेतले म्हणजे या सोयीचे मोल कळते.

३. चाळणीचे टप्पे

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी संपूर्ण पद्धत पायरी-पायरीने देत आहोत.

पहिली पायरी : लक्ष्य निवडणे. कोणत्या रोगात कोणते प्रथिन महत्त्वाचे आहे हे आधी ठरवावे लागते. येथे चूक झाली तर पुढचे सर्व काम व्यर्थ होय.

दुसरी पायरी : प्रथिनाची रचना घेऊन ती साफ करणे. नको असलेले पाण्याचे रेणू काढणे, हायड्रोजनचे अणू जागच्या जागी बसविणे व खोबण कोठे आहे ते दाखवून देणे.

तिसरी पायरी : वनस्पतींतील रेणूंची यादी करून प्रत्येकाची त्रिमिती आकृती तयार करणे. रेणूचा डावा-उजवा भेद येथे काटेकोरपणे पाळावा लागतो. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही, तसेच हे आहे.

चौथी पायरी : कसोटी घेणे. ज्या औषधाची त्या खोबणीतील जागा प्रयोगाने आधीच माहीत आहे ते औषध बाहेर काढून पुन्हा जुळवून पाहावयाचे. संगणकाने त्यास मूळ जागेच्या दोन अँगस्ट्रॉमच्या आत आणून बसविले तर मांडणी ठीक समजतात. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) ही पायरी बरेच विद्यार्थी वगळतात. ती कधीही वगळू नये.

पाचवी पायरी : सर्व रेणूंची जुळणी करून गुणानुक्रम लावणे.

सहावी पायरी : औषध होण्याजोगे गुण तपासणे. यासाठी १९९७ साली ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी सुचविलेला नियम प्रसिद्ध आहे. तोंडाने घ्यावयाच्या औषधाचा रेणुभार ५०० पेक्षा जास्त नसावा, हायड्रोजन-बंध देणारे गट ५ पेक्षा व घेणारे अणू १० पेक्षा अधिक नसावेत, आणि तेलात विरघळण्याचे प्रमाण दाखविणारा अंक ५ च्या वर नसावा, असे तो सांगतो.

सातवी पायरी : निवडलेले मोजके रेणू प्रयोगशाळेत पाठविणे. प्रथम परीक्षानळीत, मग पेशींवर, मग प्राण्यांवर आणि सर्वांत शेवटी माणसांवर, असा हा क्रम असतो.

सात पायऱ्यांपैकी सहा संगणकावर होतात म्हणून काम जवळजवळ संपले असे कोणी समजू नये. कालावधी, खर्च आणि अपयश या तिन्ही दृष्टींनी सातवी पायरी ही पहिल्या सहांच्या कितीतरी पट मोठी आहे.

४. आकड्याचा अर्थ

जुळणी झाल्यावर संगणक एक आकडा देतो. तो उणे असतो व किलोकॅलरी या एककात असतो. उणे ९ हा उणे ७ पेक्षा चांगला, कारण रेणू अधिक घट्ट बसला असा त्याचा अर्थ होतो.

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासवर्गातील बी.एस्सी.चा एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने कागद घेऊन आला. तुळशीतील एका रेणूची मधुमेहाशी संबंधित एका प्रथिनाशी त्याने जुळणी केली होती व आकडा उणे आठच्या पुढे गेला होता. खाली त्याने लिहिले होते, "मधुमेहावर औषध सापडले." आम्ही त्याचा हिरमोड केला नाही. एवढेच सांगितले, की याच खोबणीत आणखी चार-पाच रेणू टाकून पाहा, आणि त्यांत ज्यांचा मधुमेहाशी काही संबंध नाही असेही घे. दुसऱ्या दिवशी तो परत आला तो थोडा गोंधळूनच. त्याने सहज म्हणून टाकलेला कोलेस्टेरॉलचा रेणू तुळशीतील रेणूच्याही पुढे गेला होता. "सर, मग कोलेस्टेरॉलही मधुमेहावर औषध समजायचे का?" त्याने विचारले. आमच्या मते त्याचा खरा अभ्यास या प्रश्नाने सुरू झाला.

असे का होते? एक तर मोठ्या व तेलकट रेणूंना खोबणीच्या भिंतीशी अधिक ठिकाणी स्पर्श करता येतो. त्यामुळे त्यांचा आकडा आपोआप वाढतो. दुसरे कारण असे, की हा आकडा अंदाजाचा असतो. सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बांधणीच्या बळात दहापट फरक होय. आणि या कार्यक्रमांच्या अंदाजात दोन ते तीन किलोकॅलरींची चूक सहज संभवते. म्हणजेच प्रत्यक्ष बळ संगणकाने सांगितल्याच्या शंभरपट कमीही असू शकते व जास्तही. असे असताना उणे ८.१ हा रेणू उणे ७.९ पेक्षा श्रेष्ठ ठरविणे म्हणजे गुळाच्या ढेपा मोजण्याच्या काट्यावर सोने मोजण्यासारखे आहे. गुळाचा काटा वाईट नाही. त्याचे काम वेगळे आहे.

येथे जीवकाची कथा पुन्हा आठवते. सर्वच वनस्पती औषधी आहेत हे उत्तर जीवकाला शोभले, कारण कोणत्या रोगाला काय द्यावे व काय देऊ नये हे त्याला ठाऊक होते. तेच उत्तर संगणकाने दिले तर मात्र ते निरुपयोगी समजावे. ज्या चाळणीतून सगळेच खाली पडते ती चाळणी फाटलेली असते.

५. नरक्याने दिलेले तीन धडे

समजा, १९६६ सालीच आजचे संगणक उपलब्ध असते, तर कॅम्प्टोथेसिनचे काय झाले असते? हा विचार फार उद्बोधक आहे.

पहिला धडा लक्ष्याचा. आपल्या पेशीतील डीएनए हा पिळाच्या दोराप्रमाणे असतो. त्याची नक्कल होताना दोन पदर सुटू लागले, की पुढच्या भागात पीळ घट्ट होत जातो. दोरखंड वळणाऱ्यास हे लगेच समजेल. टोपोआयसोमरेज-१ हे विकर दोराचा एक पदर कापते, पीळ सैल करते व पदर पुन्हा जोडून देते. कॅम्प्टोथेसिन नेमके या कापलेल्या जागी जाऊन बसते व जोडणी होऊ देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा तेथे येऊन आदळली, की दोर तुटतो व पेशी मरते. वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना म्हणूनच त्याचा फटका अधिक बसतो, आणि अस्थिमज्जा व आतडे यांनाही काही प्रमाणात बसतो. २००२ साली या तिघांची एकत्रित रचना क्ष-किरणांनी दिसली. औषध डीएनएच्या कापलेल्या टोकांमध्ये, जोड्यांच्या थरात घुसून बसलेले आढळले. आता कोणी केवळ विकराची रचना घेऊन, डीएनए बाजूला ठेवून, जुळणी केली असती तर? जी खोबण विकर आणि तुटलेला डीएनए मिळून तयार होते ती त्याला दिसलीच नसती. जगाला उपयोगी पडलेला रेणू चाळणीतून खाली गेला असता.

दुसरा धडा शरीराचा. कॅम्प्टोथेसिनचा रेणुभार सुमारे ३४८ आहे. लिपिन्स्कीच्या नियमात तो बिनतक्रार बसतो. तरीही तो पाण्यात विरघळत नाही म्हणून अडला. त्यातील लॅक्टोन नावाचे वलय शाबूत असेल तरच तो काम करतो. रक्तात हे वलय उघडते, आणि माणसाच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन त्या उघडलेल्या, निष्प्रभ रूपालाच धरून ठेवते. सोडियम क्षार हेही उघडलेलेच रूप होते. पहिल्या चाचण्यांतील अपयशाचे एक कारण येथे आहे. खोबणीतील जुळणीचा आकडा यातील काहीही सांगत नाही.

तिसरा धडा रूपांतराचा. इरिनोटेकानचा रेणुभार सुमारे ५८७ आहे, म्हणजे नियमाच्या बाहेर. पण ते शिरेतून दिले जाते म्हणून तोंडावाटे घेण्याचा नियम त्यास लागू होत नाही. शिवाय मूळ रूपात त्याचे बळ फार कमी असते. शरीरातील विकरे त्याचा एक तुकडा तोडतात व मग प्रभावी रेणू तयार होतो. चाळणी लावणाऱ्याने हे ध्यानात घेतले नसते तर असंख्य रुग्णांना उपयोगी पडलेले औषध नापास झाले असते.

संगणक टाकाऊ आहे असे आम्हास या तीन धड्यांतून सुचवावयाचे नाही. पुढचे बदल सुचविण्यात, कोणत्या रेणूवर आधी पैसा व वेळ खर्च करावा हे ठरविण्यात त्याचा उपयोग अमूल्य आहे. मात्र जेवढे त्याला विचारले तेवढेच तो सांगतो.

६. हळदीचे उदाहरण

शेजारच्या सांगलीची हळद प्रसिद्ध आहे. हळदीचा जखमेवर उपयोग होतो या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ साली एकस्व देण्यात आले होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली ते आव्हानित केले व १९९७ साली ते रद्द झाले. आपले पारंपरिक ज्ञान नीट नोंदलेले असावे हा धडा त्यातून देशाने घेतला.

हळदीतील कुर्क्युमिन या रेणूची गोष्ट याच्या पुढची आहे. कोणत्याही रोगाच्या कोणत्याही प्रथिनाशी जुळवा, कुर्क्युमिन बहुधा वरच्या क्रमांकावर येते. परीक्षानळीतील चाचण्यांतही ते अनेकदा यशस्वी दिसते. २०१७ साली रसायनशास्त्रज्ञांनी या सर्व कामाचा सविस्तर आढावा घेऊन सांगितले, की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात फार थोडा शोषला जातो आणि चाचणीच्या पद्धतीतच ढवळाढवळ करून यशाचा आभास निर्माण करतो. याचा अर्थ हळद वाईट असा नव्हे. आमटीत ती अवश्य घालावी. पण प्रत्येक ठिकाणी 'होय' म्हणणाऱ्या साक्षीदाराची साक्ष न्यायालय जशी जपून घेते, तशी अशा रेणूची साक्ष जपून घ्यावी.

७. झाडाचे काय?

नरक्याला परदेशात मागणी आली आणि सह्याद्रीत त्याच्यावर कुऱ्हाड चालली. लाकडाचे तुकडे करून ते पोत्यांतून बाहेर पाठविण्यात येऊ लागले. झाड मुळासकट गेले, की पुन्हा उगवण्यास वर्षे लागतात. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सातारा या भागांत वनखात्यास तस्करीविरुद्ध वारंवार कारवाई करावी लागली आहे. राधानगरीचे जंगल तर २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तोडणारा मजूर बहुधा डोंगरातला गरीब माणूस असतो. त्याला दिवसाची मजुरी मिळते व गुन्हाही त्याच्याच नावावर लागतो. नफा मात्र दूर कोठेतरी जातो.

या बाबतीत संगणकीय पद्धतीचा मोठा फायदा असा, की पहिल्या चाळणीसाठी एक पानसुद्धा तोडावे लागत नाही. रेणूची आकृती पुरते. तथापि उलटी बाजूही आहे. एखाद्या झाडात गुणकारी रेणू असल्याची बातमी पसरली, की त्या झाडाचे दिवस भरतात. म्हणून संशोधकाने शोधाबरोबर पर्यायाचाही विचार केला पाहिजे. २००५ साली जम्मूच्या शासकीय संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी शोधली, जी स्वतः कॅम्प्टोथेसिन तयार करते. ऊतीसंवर्धन, लागवड व अशा बुरशी हे मार्ग जंगल वाचविणारे आहेत. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार अशा वनस्पतींच्या व्यापारी उपयोगातील लाभाचा वाटा स्थानिकांना मिळावयास हवा, हेही आपल्या लोकांना माहीत असले पाहिजे.

८. समाजबांधवांसाठी दोन शब्द

हा लेख लिहिण्यास एक घटना कारण झाली. आमच्या ओळखीच्या एका भगिनीस स्तनात गाठ आली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया व पुढील उपचार सांगितले होते. त्याच सुमारास कोणीतरी एक चूर्ण आणून दिले. सोबत रंगीत चित्राचा कागद होता. त्यावर प्रथिनाची आकृती, तीत बसलेला रेणू आणि खाली "संगणकाद्वारे सिद्ध" असे शब्द होते. घरच्यांना वाटले, एवढे शास्त्रीय आहे तर सुया आणि कापाकापी कशाला? पाच महिने गेले. नंतर त्या पुन्हा रुग्णालयात गेल्या तेव्हा आजार काखेतील गाठींपर्यंत पोहोचला होता. उपचार सुरू झाले, पण जे सोपे होते ते अवघड झाले.

तो कागद आम्ही पाहिला. चित्र कदाचित खरेही असेल. पण ते पाचव्या पायरीचे चित्र होते. सातवी पायरी त्यात नव्हतीच. चूर्णात तो रेणू किती होता, पोटातून रक्तात किती गेला, याचाही कोठे उल्लेख नव्हता. म्हणून आमची सर्वांना कळकळीची विनंती आहे, की असा कागद कोणी दाखविल्यास एकच प्रश्न विचारावा : "हे माणसांवर तपासले आहे का? कोठे, किती जणांवर?" उत्तर मिळाले नाही तर चालू उपचार सोडू नयेत. कोणतीही गोष्ट केवळ कोणी सांगितली म्हणून स्वीकारू नये, स्वतः तपासून घ्यावी, ही शिकवण आपणास नवी नाही. ती संगणकालाही लागू आहे.

९. विद्यार्थ्यांना

आपल्यापैकी अनेक मुलेमुली अशा घरांतून येतात जेथे महागडी उपकरणे, मोठ्या प्रयोगशाळा यांची वाट सहज सापडत नाही. हे क्षेत्र त्या दृष्टीने आशादायक आहे. प्रथिनांच्या रचना, रेणूंच्या सूची आणि जुळणीचे कार्यक्रम ही तिन्ही साधने विनामूल्य आहेत. १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आपल्या गावातच आहे. तेथील जीवरसायनशास्त्र विभागात संगणकाच्या साहाय्याने रेणूंच्या रचनांचे संशोधन चालते, तर वनस्पतिशास्त्र विभागाच्या उद्यानात सह्याद्रीतील दुर्मिळ वनस्पती जतन केल्या जातात. बारावी शास्त्र, मग रसायनशास्त्र, जीवशास्त्र वा संगणकशास्त्र यांपैकी कोणत्याही वाटेने येथे येता येते. तीनही विषयांची थोडीथोडी ओळख असल्यास उत्तम. इंग्रजीची भीती बाळगू नका. मात्र आकडेमोड आणि शंका विचारण्याची सवय सोडू नका.

नंदुरबारसारख्या गावातून निघालेल्या एका मुलाने दोन मोठ्या औषधांचा पाया घातला, आणि त्यांपैकी एकाचे झाड आपल्या दारच्या डोंगरात उभे आहे. पुढचा शोध आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये असे काही नाही.

थोडक्यात :
(१) रेणू-जुळणी हे चाळणीचे साधन आहे, ते निर्णयाचे साधन समजू नये.
(२) कसोटी व तुलनेसाठी घेतलेले रेणू यांवाचून आकड्यास अर्थ नाही.
(३) शरीरात रेणूचे काय होते हे प्रयोगच सांगतो.
(४) औषध शोधताना झाड आणि झाडाजवळचा माणूस दोन्ही जपावे.

अभ्यासासाठी प्रश्न :
(१) दोन रेणूंचे आकडे उणे ७.० व उणे ८.४ आहेत. अंदाज अचूक धरल्यास बांधणीच्या बळात किती पट फरक पडेल? अंदाजात दोन किलोकॅलरींची चूक धरल्यास काय म्हणता येईल?
(२) कॅम्प्टोथेसिन लिपिन्स्कीच्या नियमात बसूनही औषध म्हणून का अडले?
(३) डीएनए वगळून जुळणी केल्यास नरक्यातील रेणू का सापडला नसता?
(४) आपल्या परिसरातील पाच औषधी वनस्पतींची यादी करा. त्यांचा उपयोग घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा व त्यातील कोणता दावा कसा तपासता येईल ते सुचवा.